दाढदुखीच्या ‘रामबाण’ मेसेजमधल्या गोळ्या

‘दात दुखतोय? डेंटिस्टचे हजारो रुपये वाचवा’ असा मथळा असलेला मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतो आहे. मी मेडिकलच्या काउंटरवर उभा असतो, त्यामुळे माझ्यापर्यंत तो खरेदीची यादी होऊन येतो. गिऱ्हाईक फोन पुढे करतं आणि म्हणतं, “दादा, यातल्या दोन-दोन दिवसांच्या काढा.” मेसेजचा सारांश असा: दाढ ठणकली की अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सुरू करा. सोबत पाण्यात विरघळणारी केटोरोलॅक घ्या, कमी पडली तर दुसरी पेनकिलर जोडा. बरं वाटलं की बंद करा, उरलेल्या जपून ठेवा. दात काढायचाच झाला तर रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस आधी थांबवा. बाकीची औषधं डेंटिस्टला सांगत बसू नका, त्याचा दाताशी संबंध नाही. शेवटी अ‍ॅस्पिरिन आणि मिठाचं पाणी.

औषधांची नावं बरोबर लिहिली आहेत. दंतवैद्य हीच औषधं देतात, म्हणून मेसेज खरा वाटतो. पण गोळी गिळणारा माणूस कोण, त्याला आणखी काय चालू आहे, हे त्यात एकदाही विचारलेलं नाही. माझी हरकत तिथे आहे.

“अमॉक्सिसिलिन ५०० घ्या, तीन दिवसांत दुखणं जातं”

दुखणं जातं, हे अनेकदा खरं असतं. का जातं ते मेसेज सांगत नाही. कीड खोलवर गेली की दाताच्या आतल्या गराला सूज येते. ज्याला आपण ‘नस’ म्हणतो तो हा गर. चारही बाजूंनी कडक भिंती, सुजायला जागा नाही, म्हणून रात्री दाढ ठणकते. अँटिबायोटिक जंतूंवर चालतं, या सुजेच्या कळेवर नाही. काही दिवसांत गर मरतो आणि कळ आपोआप थांबते. श्रेय गोळीला मिळतं.

मेलेल्या गरात रक्त पोचत नाही आणि तोंडाने घेतलेलं औषध रक्तातूनच जातं. म्हणजे जिथे जंतू बसले आहेत तिथे अमॉक्सिसिलिन पोचतच नाही. पुढे कधीतरी मुळाच्या टोकाशी पू होतो आणि गाल सुजतो. जंतूंचं घर साफ करायचं तर रूट कॅनल करावं लागतं, दात काढावा लागतो किंवा पूला वाट करून द्यावी लागते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांचं म्हणणंही हेच आहे: एरवी धडधाकट प्रौढाला नुसत्या दाढदुखीसाठी अँटिबायोटिक नको, आधी दातावर उपचार. ताप आला, अंग मोडून आलं, सूज पसरायला लागली, तर मात्र अँटिबायोटिक हवंच, पण तेही उपचारासोबत.

आणि जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर मेडिकलमध्येही येऊ नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. ही सूज काही तासांत श्वासनलिका दाबू शकते.

ॲलर्जीबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ हे लोकांच्या लक्षात असतं, पण अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातलं आहे आणि ऑगमेंटिनमध्येही तेच असतं, हे पाकिटावरच्या मोठ्या अक्षरांवरून कळत नाही. त्याखालची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा.

“केटोरोलॅक घ्या, कमी पडली तर आणखी एक पेनकिलर”

पाण्यात विरघळते, म्हणजे सौम्य असणार, असा एक समज आहे. विरघळण्याचा आणि सौम्यपणाचा काही संबंध नाही. केटोरोलॅक ही जोरकस गोळी आहे. १० मिलिग्रॅमची गोळी, दिवसात जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम आणि सगळे मिळून पाच दिवस. दवाखान्यात तिचं इंजेक्शन घेतलं असेल तर तो दिवसही यात धरायचा. त्यापुढे जठरातून रक्तस्राव आणि किडनीला इजा यांचा धोका वाढतो. तिच्यासोबत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांपैकी काहीही घ्यायचं नाही. ही सगळी भावंडं आहेत. दोन घेतल्याने कळ फारशी जास्त थांबत नाही, पोटाला मात्र दोघांचाही त्रास होतो. अल्सर किंवा दमा असलेल्यांनी यांतली एकही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. गरोदर बाईने तर नाहीच, विसाव्या आठवड्यानंतर विशेषतः.

मग डेंटिस्ट आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र का देतात? कारण पॅरासिटामॉल वेगळ्या रस्त्याने काम करतं. ही जोडी चांगली आहे, पण तिच्यातही एक खाच आहे. दाताच्या चिठ्ठीवरच्या अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या गोळीत बहुतेकदा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं. ती दिवसातून दोनदा घेतली की ६५० झालं. ‘ताप वाटतोय’ म्हणून ६५० ची गोळी चार वेळा घेतली की आणखी २६००. वर ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी तीनदा, म्हणजे १५००. बेरीज ४७५०. प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, आणि रोज दारू घेणाऱ्याची किंवा यकृताचा आजार असलेल्याची त्याहूनही कमी. तिन्ही पाकिटांवर नावं वेगळी, त्यामुळे घेणाऱ्याला आपण एकच औषध तीनदा घेतोय हे कळतच नाही.

“बरं वाटलं की बंद करा, उरलेल्या ठेवा”

पहिला भाग वाटतो तितका मूर्खपणाचा नाही. ‘कोर्स पूर्ण करा’ हा जुना नियमही आता थोडा सैल झाला आहे. २०१९ च्या त्याच सूचनांनुसार तीन दिवसांनी रुग्णाची विचारपूस करावी आणि त्रास पूर्ण थांबल्यावर २४ तासांनी अँटिबायोटिक थांबवता येतं. पण ते डेंटिस्टने ठरवायचं. म्हणून मनाने बंद करण्याआधी एक फोन करा.

दुसरा भाग मला खरा धोक्याचा वाटतो. उरलेल्या गोळ्या म्हणजे अर्धवट डोस, आणि तो पुढच्या वेळी भलत्याच आजारावर, बऱ्याचदा भलत्याच माणसाला दिला जातो. आमच्याकडे सहा गोळ्या मागितल्या की कात्रीने स्ट्रिप कापतात. औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि डब्यात पडतो तो तिसरा तुकडा. चार महिन्यांनी तो कसला आहे हे सांगणं मलाही जमत नाही. कापून घेतच असाल तर नाव आणि तारीख असलेल्या टोकाचा फोटो काढून ठेवा. मुलांना तर यातलं काहीच देऊ नका. त्यांचा डोस वजनावर ठरतो आणि काही औषधं त्यांना वर्ज्यच आहेत. निमेसुलाइड ही पेनकिलर भारतात १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे, तरी ‘मोठ्यांची अर्धी गोळी देऊ का?’ हा प्रश्न काउंटरवर अजून येतो.

“रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद”

मेसेजमधलं सगळ्यांत घातक वाक्य हे. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मनाने थांबवलं, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अ‍ॅटॅक येऊ शकतो. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हा धोका जास्त. उलट दात काढल्यावरचं रक्त समोर दिसतं आणि हाताशी असतं. गॉजचा बोळा दाबून, टाका घालून, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड लावून ते थांबवता येतं. वॉरफरिन किंवा असिट्रोम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासतात. नव्या गोळ्यांपैकी काहींचा सकाळचा डोस पुढे ढकलतात, पण तो निर्णय डेंटिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर मिळून घेतात.

खरी अडचण वेगळीकडेच आहे. हिरडीच्या संसर्गासाठी हमखास लिहिलं जाणारं मेट्रोनिडाझोल वॉरफरिन आणि असिट्रोमचा परिणाम वाढवतं. दात नीट निघतो, रक्त थांबतं आणि चार दिवसांनी अंगावर काळेनिळे डाग उठतात. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू वर्ज्य, हेही लक्षात ठेवा.

“बीपी-शुगरची औषधं सांगायची गरज नाही”

बीपीची टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि वर पेनकिलर, असं तिन्ही एकत्र आलं की वयस्कर माणसाची किडनी अडचणीत येते. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या शरीरात अमॉक्सिसिलिन आणि पेनकिलरमुळे ते साचू शकतं. आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेणाऱ्या आजी ‘औषध काही चालू नाही’ असंच सांगतात, कारण रोजची गोळी नसते. त्या इंजेक्शननंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून डेंटिस्टला ते आधी माहीत हवं. सांगायला जमत नसेल तर घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.

“अ‍ॅस्पिरिन दाढेत धरा”

नको. हिरडी आणि गाल आतून भाजतो, पांढरा चट्टा पडतो. अ‍ॅस्पिरिन गिळल्यावर काम करतं, चिकटवल्यावर नाही.

“कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा”

हे बरोबर आहे, जरूर करा. फक्त दात काढलेल्या दिवशी नाही. पहिले २४ तास जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी निघाली तर खालचं हाड उघडं पडतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी जी कळ सुरू होते तिला मेसेजमधल्या कुठल्याच गोळीने धड उतार पडत नाही. त्यासाठी डेंटिस्टकडे जाऊन खड्डा धुवून त्यात औषध भरून घ्यावं लागतं.