सायकलच आहे, काका

पुण्यात मी माझ्या घडीच्या इलेक्ट्रिक सायकलवर असते आणि सिग्नल लाल झाला की माझी तोंडी परीक्षा सुरू होते. नळस्टॉपला तर परीक्षक दोन्ही बाजूंना उभे असतात. पहिला प्रश्न ठरलेला: "किती देते?" दोन चाकांवर काहीही दिसलं की आपल्या माणसाला आधी ॲव्हरेज विचारावंसं वाटतं. "काका, पेट्रोल लागत नाही हो हिला." "ते कळलं, पण देते किती?" मग केवढ्याला पडली, आणि मग सगळ्यांचा लाडका प्रश्न: "चार्जिंग संपलं तर?"

"तर पायडल मारायचं."

इथे माणूस खट्टू होतो. एवढे पैसे मोजून वर पायडलही स्वतःच मारायचं? बाईंना कुणीतरी चांगलंच गंडवलेलं दिसतंय. तेवढ्यात हिरवा दिवा लागतो, मागचे हॉर्न वाजवतात आणि निकाल राखून ठेवला जातो.

वस्तू अशी आहे. वीस इंची चाकं, मधून दुमडणारी दांडी, दांडीच्याच पोटात बॅटरी आणि मागच्या चाकात पाव किलोवॅटच्या आतली मोटर. पायडल थोडं फिरलं की सेन्सरला उमगतं की बाईंना जायचंय, आणि मोटर मागून ढकलते. पाय थांबले की तीही थांबते. निदान माहितीपुस्तिकेत तसं छापलंय. आमचा सेन्सर जरा विचारी स्वभावाचा आहे. त्याला पटायला एक क्षण लागतो आणि पटलेलं सोडायलाही. सिग्नलला अवघडलेला पाय सरळ करावा म्हणून पायडल जरा पुढे घेतलं, तर सायकल उसळी मारते आणि पुढच्या रिक्षाला डोकं टेकवून मगच थांबते. रिक्षावाले मागे वळून शांतपणे विचारतात, "ताई, आत येऊन बसता का?"

ताशी 25 किलोमीटरला मोटर अंग काढून घेते. कायद्याची तशी अटच आहे: मोटर पाव किलोवॅटच्या आत, वेग 25 च्या आत, तर ते मोटार वाहन धरत नाहीत. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. हे मी एका चौकात हवालदारसाहेबांना व्यवस्थित समजावून सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं, आणि मग माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. "हेल्मेट घातलंय म्हणजे गाडीच ना?" पुण्यात कुणी आपणहून हेल्मेट घालतं, याहून सबळ पुरावा तो काय असणार!

छोट्या चाकांबद्दल बोलायचं तर, ती खड्ड्यावरून जात नाहीत, खड्ड्यात जातात. ॲलेक्स मोल्टन नावाच्या इंग्रज इंजिनिअरला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने 1962 साली लहान चाकांची सायकल बाजारात आणली, तेव्हा पुढेमागे सस्पेन्शनही बसवलं. माझी सायकल बनवणाऱ्यांनी त्याची चाकं तेवढी घेतली. सस्पेन्शनचं काम माझ्या मणक्यांकडे आहे.

"काय तरी नवीन खूळ!" असं आमच्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात. त्यांना मी सांगून बघितलं की मागच्या चाकात मोटर आणि दांडीखाली बॅटरी अशा सायकलचं पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसाने 1895 सालीच घेतलंय. आजोबा म्हणाले, "मग एवढ्या वर्षांत चालली का?" पेन्शनर माणसाशी वाद घालू नये.

पण लोकांना खरा त्रास बॅटरीचाही नसतो आणि किमतीचाही नसतो. त्यांना ही कुठल्या खणात ठेवायची ते कळत नाही, हे दुखणं आहे. आणि ते फक्त आमच्या कोथरूडचं आहे असं समजू नका. 1885 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली नावाच्या कारखानदाराने दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन अशी सायकल काढली, आणि तेव्हापासून जगाने ठरवून टाकलं की सायकल म्हणजे हीच. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा कारागीर होता. मुलाने साधी सायकल चालवणं त्याच्या बायकोला धोक्याचं वाटे, म्हणून त्याने पोरासाठी पायडलची चारचाकी बनवली, असं सांगतात. (आईच्या काळजीपोटी किती इंजिनिअरिंग झालंय, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी.) पुढे त्याच कल्पनेतून निघाली पाठ टेकून, पाय पुढे सोडून चालवायची दुचाकी. 1933 साली फ्रान्सिस फोर तिच्यावर पहुडला आणि एका तासात 45 किलोमीटरच्या वर गेला. पहिल्या फळीतला सायकलपटूही नव्हता तो, पण एका तासात सर्वाधिक अंतर कापण्याचा 1914 पासूनचा विक्रम मोडला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने काय करावं? 1934 साली सायकलची व्याख्याच अशी केली की ती आडवी सायकल नियमातच बसेना. विक्रम झाला खरा, पण तो सायकलचा नव्हे!

साठ वर्षांनी स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने वॉशिंग मशीनचं बेअरिंग घालून घरच्या घरी सायकल बनवली, छातीखाली हात दुमडून ती हाकली आणि 1993 मध्ये तासाला 51.596 किलोमीटरचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी त्याच्या त्या बसण्यावर बंदी. हे वाचल्यापासून आमचे हे आमच्या वॉशिंग मशीनकडे वेगळ्या नजरेने बघतात. मी स्क्रू-ड्रायव्हर लपवून ठेवलेत.

आमच्या ऑफिसच्या वॉचमनदादांची व्याख्याही 1934 चीच. "सायकल आत नाही." मी तिथेच खटके उघडले, सायकल दुमडली, हँडल खाली पाडलं. "आता?" दादांनी फेरी मारून पाहिलं. "आता सामान आहे. सामान मागच्या लिफ्टने." मागच्या लिफ्टवर पाटी: सोबत व्यक्तीने जाऊ नये. म्हणजे वीस-बावीस किलोची सायकल लिफ्टने एकटी वर जाते आणि मी जिन्याने धावत तिला गाठायला जाते. व्यायामासाठी सायकल घे असं डॉक्टर म्हणाले होते, ते खरं झालं.

सोसायटीने मात्र विषय रीतसर घेतला. पार्किंगमधल्या प्लगवर मी बॅटरी लावते, तर विजेचं काय? मी हिशेब मांडला. 36 व्होल्ट गुणिले 10 ॲम्पिअर-अवर म्हणजे 360 वॅट-अवर, पूर्ण रिकामी बॅटरी भरायला अर्ध्या युनिटच्याही आत वीज. खजिनदार म्हणाले, "प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे." तत्त्वावर रात्री साडेदहापर्यंत चर्चा झाली. हॉलमध्ये चार पंखे आणि सहा ट्यूबलाइट चालू होत्या, आणि वेफर्स वेगळे. शेवटी फॉर्म आला. त्यात दुचाकीला पार्किंग चार्ज, सायकलला माफ. मी सायकलवर खूण केली. सेक्रेटरींनी ती खोडून दुचाकीवर केली. "सायकलला पण दोनच चाकं असतात, काका." "म्हणूनच तर म्हणतोय." सध्या आम्ही 'इतर' या सदरात आहोत. तिथे आमच्या शेजारी तळमजल्यावरच्या जोशींची पाळणागाडी आहे.

आणि मग पंक्चर. तेही मागच्या चाकात, मोटर असलेल्या. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांनी लांबूनच हात हलवला. "हे खोलत नाही आपण. वायर तुटली तर मला बोलाल." तरी उठले, जवळ आले, उकिडवे बसले, बोटाने वायर कुठून आत जाते ते पाहिलं. काही न बोलता सायकल आडवी केली. चाक काढलंच नाही. दोन लिव्हर घालून टायरची एक कड उचलली आणि ट्यूब बाजूनेच बाहेर ओढून घेतली. हवा भरून काळ्या पाण्याच्या घमेल्यात हात-हातभर दाबत गेले. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. तिथे काडी खोचली, पुसलं, कानशीने घासलं, सोल्युशन लावून फुंकर मारली. ते वाळेपर्यंत टायरच्या आतून बोटं फिरवून केसाएवढी तार काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ठिगळ, हातोडीचे दोन ठोके, पुन्हा घमेलं. बुडबुडा नाही. ज्या चाकासाठी कंपनीच्या माणसाने मला फोनवर "सर्व्हिस सेंटरला आणावं लागेल मॅडम" सांगितलं होतं, ते मामांनी बिडी विझायच्या आत उरकलं.

"किती झाले?"

मामांनी पाटीकडे पाहिलं. सायकल 30, गाडी 100. मग मोटरकडे पाहिलं, मग पायडलकडे, मग माझ्या हेल्मेटकडे.

"साठ द्या."

मी पन्नास दिले.