घर द्यायला माणसं तयार आहेत, घ्यायला कोण आहे?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. ठाण्याच्या चरईतल्या एका जुन्या घरावर हिरवी जाळी चढली होतीच, सकाळी त्याचे सागवानी खांब टेम्पोत भरताना पाहिले. कुठे कीड नाही, वाळवी नाही. बाजूला कौलांचा ढीग, वरच्याच कौलावर बासेल मिशनच्या मंगळूर कारखान्याचा छाप स्वच्छ दिसत होता. आणि दुपारी शाळेच्या ग्रुपवर त्याच घराचा फोटो, खाली टाळ्यांची रांग, ‘आता टॉवर होणार!’ ठाण्यात जन्म काढलेली माणसं ही. टाळ्या कसल्या वाजवता रे?

एकाने तर लिहिलं, वारसा म्हणजे किल्ले आणि देवळं, ती आहेत की शाबूत. आहेत ना! १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला आहे. आत तुरुंग आहे, तिथेच १९१० मध्ये कान्हेरे, कर्वे, देशपांडे हे क्रांतिकारक फासावर गेले. तो सरकारचा, म्हणून उभा. कोपीनेश्वराला भक्त आहेत. १८७९ चं सिनेगॉग ज्यू समाजाने जपलं. पण खारकर आळीतल्या, महागिरीतल्या घरांना कोण आहे?

माझं आजोळ खारकर आळीतलं. ओटी, पडवी, माजघर, मागे विहीर. आजी गेल्यावर वाटण्यांचा विषय निघाला तेव्हा धाकटा मामा म्हणाला, पैसे नाही आले तरी चालतील, घर उभं राहू दे. बाकीची भावंडं कुरकुरत का होईना, तयार झाली. मामा वकिलांकडे गेला. त्यांनी एवढंच विचारलं, ‘बक्षीसपत्र कुणाच्या नावे करायचं?’

मामाकडे उत्तर नव्हतं. दोन-तीन कचेऱ्यांत विचारून आला, सगळीकडे कौतुक झालं, घर घ्यायला कुणी पुढे आलं नाही. तोवर माजघरावरची कौलं सरकली, पाणी वाशांत उतरलं. पुढच्या पावसाळ्याआधी अतिधोकादायक म्हणून नोटीस, सी-वन, म्हणजे रिकामं करून पाडायचंच. मग बिल्डर. संपलं.

म्हणून यादीचं कौतुक मला सांगू नका. हेरिटेजच्या यादीत नाव असलं तरी फुटकं कौल बदलायला यादी येत नाही. त्यासाठी मालक लागतो, न विकणारा मालक. ठाण्याला स्वतःचा सार्वजनिक ट्रस्ट हवा, जो अशी घरं स्वतःच्या नावावर घेईल, दुरुस्त करेल, भाड्याने देऊन त्यातून खर्च काढेल. खाली पुस्तकांचं दुकान, वर नाचाचा वर्ग, काहीही चालेल. कायदा आहेच, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. त्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची जागा विकता येत नाही, इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. मामाला हेच कुलूप हवं होतं. त्याला नाव हवं होतं एका ट्रस्टचं, कागदावर लिहायला.

ट्रस्टमध्येही खुर्च्या धरून बसणारे निघतात, कबूल. वारसांना पैसा लागतो, तेही कबूल, घरात आजारपण असेल तर कोणी काय करेल.

हे लिहिताना चरईतले मालक डोळ्यांसमोर येताहेत. सकाळी समोरच्या फुटपाथवर उभे होते, हाताची घडी घालून. मला म्हणाले, ‘पोरी, एखादा खांब हवाय का तुला?’ त्यांच्यावर कसली चिडणार मी? त्यांनाही कुणी विचारलं नसणार, मामासारखंच.

इंग्लंडमध्ये १८९५ साली ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि रॉन्स्ली या तिघांनी जुन्या वास्तू आणि जागा जपणारा नॅशनल ट्रस्ट काढला. १९०७ च्या कायद्याने त्याला आपल्या मिळकती कायमच्या न विकण्याजोग्या ठरवायचा अधिकार मिळाला. तिकडचं इथे कसं जमेल, असं म्हणणार असाल तर थांबा. नॅशनल ट्रस्ट निघण्याच्या दोन वर्षं आधी, १८९३ मध्ये, ठाणेकरांनी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं आणि ते आजही चालू आहे. या गावाला संस्था काढता येते आणि चालवताही येते.

सगळंच जुनं जपावं असं मी म्हणत नाही. पण पाचसहा घरं? तेवढीही नाहीत आपल्या ऐपतीत? लाखो रुपयांच्या मॉड्युलर किचनची चर्चा करतो आपण!

तर आता कामाचं. विश्वस्तपत्र तयार करायला वकील हवेत, हिशेबाला आणि देणग्यांवरच्या करसवलतीच्या कागदांना सीए, जुनं लाकूड आणि चुना कळणारे आर्किटेक्ट, सुतार, गवंडी. रविवारी संध्याकाळी मासुंदा तलावापाशी भेटू, येणाऱ्यांनी खाली नाव लिहा. आणि ज्यांच्या घरी सध्या वाटण्यांची बोलणी चालू आहेत, त्यांनी रविवारची वाट बघू नका. बिल्डरच्या कागदावर सह्या करण्याआधी मला इनबॉक्समध्ये लिहा, आजच.