पाचच द्या हं, मॅडम

आज दुपारी इंटरनेटच्या बिलासाठी कस्टमर केअरला फोन केला. तिसऱ्यांदा. तेच चुकीचं बिल, तीच तक्रार. पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, बिल दुरुस्त करून दिलं आणि फोन ठेवायच्या आधी आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "मॅडम, आता मेसेज येईल, पाचच द्या हं प्लीज. चार दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह जातो."

दिले पाच. पण तेव्हापासून डोकं फिरलंय. मेसेजमध्ये विचारलंय काय, तर आमची प्रतिनिधी कशी बोलली? अरे चांगलीच बोलली! तीनदा फोन का करावा लागला ते विचारा ना! चुकीचं बिल काय तिने बनवलं? दर महिन्याला तीच चूक करणारी सिस्टिम कोणाची, तिला मार्क कोण देणार? आणि याला म्हणे क्वालिटी.

एवढा राग यायचं कारण आहे. हेच मीही केलंय.

२२ वर्षांपूर्वी, एका कारखान्याच्या मशीन शॉपला क्वालिटीत नुकतीच लागले होते. एका लॉटची ड्रिलिंगची होलं सरकलेली निघाली, कस्टमरने अख्खा लॉट परत पाठवला आणि एट-डी रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि उपाय काय केला ते कस्टमरला लिहून द्यायचा कागद, भरायचं काम माझ्या गळ्यात. ज्यांच्या शिफ्टचा माल होता त्यांना सगळे मामा म्हणायचे, माझा जन्म व्हायच्या आधीपासून ड्रिलिंगवर. मी गेले तर काही न बोलता जॉब, म्हणजे ड्रिल करायचा पार्ट, जागेवर धरणाऱ्या फिक्स्चरची लोकेटिंग पिन दाखवली. "नखाला लागतंय बघा, मॅडम." खरंच लागत होतं. पिन घासून खाच पडलेली, जॉब नीट बसतच नव्हता. महिनाभर सांगतोय म्हणाले, स्टोअरला पिन नाही आणि टार्गेटपायी मशीन थांबवू देत नाहीत.

आणि मी रूट कॉजच्या, म्हणजे मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय, प्रशिक्षण दिले. बॉसला तेच हवं होतं, कारण पिनचं लिहिलं तर महिनाभर काय करत होतात असं कस्टमर विचारणार. मामांनी ट्रेनिंगच्या कागदावर सही केली. एक शब्द बोलले नाहीत.

डेमिंग नावाचा अमेरिकन तज्ज्ञ १९५० मध्ये जपानला जाऊन क्वालिटी शिकवून आला, १९५१ पासून तिथे त्याच्या नावाने बक्षीस देतात. तो लाल मण्यांचा एक प्रयोग करून दाखवायचा. पेटीत ३२०० पांढरे मणी, ८०० लाल. ५० खळग्यांची पट्टी पेटीत बुडवून काढायची, लाल मणी आला की डिफेक्ट. ज्याचे लाल कमी त्याला शाबासकी, ज्याचे जास्त त्याची खरडपट्टी. आता पेटीतच पाचवा हिस्सा लाल असेल तर बुडवणारा काय डोंबल करणार? हे क्वालिटीच्या प्रत्येक माणसाला माहीत असतं हो, ट्रेनिंगमध्ये आम्ही सगळे माना डोलावतो आणि सोमवारी जागेवर येऊन पट्टी बुडवणाऱ्यालाच झापतो. चुकीच्या मुळाशी जायला पाच वेळा 'का' विचारा म्हणतात, आम्ही दुसऱ्या 'का'लाच माणसापाशी येऊन थांबतो, कारण माणूस स्वस्त पडतो, पिनचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र काढायला चार सह्या लागतात.

हो, माणसंही चुकतात, मोबाईल बघत जॉब लावणारे मीही पाहिलेत. आणि मोजूच नये असंही नाही म्हणत मी, न मोजता काही सुधारत नाही. पण घाबरून दिलेला आकडा काय कामाचा? माझ्या तिसऱ्या तक्रारीसमोर आज पाच लागलेत. उद्या त्या कंपनीत कोणीतरी तो स्लाइडवर दाखवेल आणि कस्टमर खूश आहे म्हणेल.

टोयोटात लाइनवरच्या साध्या कामगाराला काही खटकलं तर दोरी ओढता येते, लगेच कोणीतरी धावत येतं आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. मामांकडे दोरी नव्हती. मी होते.

आता राग ओसरलाय, त्या मुलीचा आवाजच कानात राहिलाय. इतक्या नीट काम करणाऱ्या पोरीला असं कुजबुजून मागावं लागतं.

पिन नंतर आली. तीन आठवड्यांनी. मामांनीच बसवली आणि होलं जागेवर आली. पुढच्या रिव्ह्यू मीटिंगला रिजेक्शनचा ग्राफ खाली आलेला दाखवला, त्याच्याखाली लिहिलं होतं, 'ऑपरेटर प्रशिक्षणाचा परिणाम'. टाळ्या वाजल्या. तो ग्राफ मीच काढला होता.