लुबिचचं बंद दार सेन्सॉरने लावलेलं नाही

बर्लिनहून हॉलिवूडला गेलेला चित्रपट दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच याच्याबद्दल एक ठरावीक वाक्य फिरत असतं: नाझींच्या भीतीने तो हॉलिवूडला पळाला, तिथल्या सेन्सॉरमुळे शयनगृहाचं दार बंद ठेवायला शिकला, आणि त्यातून 'लुबिच टच', म्हणजे न दाखवता आडून सुचवण्याची त्याची शैली, जन्मला. शेपटाला आणखी एक वाक्य असतं: पुढे त्याने नाझी अत्याचारांचा विनोद केला.

पळाल्याची गोष्ट तारखांपुढे टिकत नाही. लुबिच अमेरिकेत गेला १९२२ साली, हॉलिवूडची तारका मेरी पिकफर्डने बोलावलं म्हणून. हिटलर सत्तेवर आला १९३३ साली. 'मादाम द्युबारी' या त्याच्या चित्रपटामुळे (१९१९) बर्लिनच्या या शिंप्याच्या मुलाचं नाव आधीच अमेरिकेत पोचलं होतं. नाझींनी त्याचं नागरिकत्व काढून घेतलं हे खरं, पण ते १९३५ साली. तोवर त्याला तिथे एक तप उलटून गेलं होतं.

सेन्सॉरचा मुद्दा वरवर पटतो, म्हणून जास्त चिवट. हॉलिवूडची नीतिनियमांची हेज संहिता १९३०ची. कडक अंमल जुलै १९३४पासून. 'ट्रबल इन पॅरडाइज' त्याआधीचा, १९३२चा. त्यात चोर गास्तों आणि श्रीमंत विधवा मादाम कोले यांची अख्खी संध्याकाळ आपण घड्याळांवर बघतो: काटे पुढे सरकतात, माणसं दिसत नाहीत, नुसते आवाज येतात. हाच चित्रपट १९३५ साली पुन्हा दाखवायला परवानगी मिळाली नाही. आडून सांगितलेलंही सेन्सॉरला बरोबर कळत होतं!

याहून मागे जा. जर्मनीत नोव्हेंबर १९१८ ते मे १९२० चित्रपटांना सेन्सॉरच नव्हता. नेमक्या त्या काळातला 'द ऑयस्टर प्रिन्सेस' (१९१९). श्रीमंताच्या वाड्यात ताटकळत बसलेला नोकर कंटाळून फरशीवरच्या नक्षीच्या रेषेरेषेवरून पावलं टाकत फिरतो. वाट बघणं किती लांबलं, हे त्या पावलांवरून कळतं. इथे लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

मुळात दार हा 'टच' नव्हेच. 'द मेरी विडो'त (१९३४) राजा राणीच्या खोलीतून बाहेर पडतो, पहाऱ्यावरचा दानिलो आत सटकतो. राजाला तलवार आणि पट्टा आठवतो. तो परत जातो, घेऊन येतो, कमरेला बांधू लागतो. पट्टा पुरत नाही. राजा चांगलाच जाडा, दानिलो सडपातळ. दाराने फक्त झाकलं; बोलला तो पट्टा, आणि बेरीज प्रेक्षकाने केली. नुसतं दार बंद करून 'लुबिचसारखं' दाखवू पाहणारे फसतात ते इथेच.

आता नाझी अत्याचारांच्या विनोदाचा आरोप ज्यावर आहे तो 'टु बी ऑर नॉट टु बी' (१९४२). यातल्या हशाचं लक्ष्य अत्याचार नव्हेत, गणवेशातली भंपक माणसं आणि तितकेच भंपक नट आहेत. नाझींनी व्यापलेल्या वॉर्सातला दुय्यम नट ग्रीनबर्ग शायलॉकचं, म्हणजे शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या ज्यू सावकाराचं, भाषण म्हणायला मिळावं म्हणून झुरतो. शेवटी ते तो खोट्या हिटलरसमोर, खऱ्या नाझी सैनिकांच्या गराड्यात म्हणतो. त्यातून 'ज्यू' हा शब्द वगळलेला आहे.