स्वर्ग दोन बोटांवर

सर्वप्रथम अभिनंदन. २०२० साली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या जेमतेम २०० गाड्या भारतात आल्या, शोरूम किंमत ३५.९९ लाख, आणि त्यातली एक आता तुमच्या पार्किंगमध्ये उभी आहे. कंपनीने ती साध्या ऑक्टाव्हियापेक्षा आधीच खाली बसवलेली आहे. स्प्रिंग, शॉकअप, अँटीरोल बार (वळणावर गाडी कमी झुकू देणारी दांडी), सगळं एकमेकांशी जुळवून दिलंय. म्हणजे हे सस्पेन्शन लगेच बदलायलाच हवं. ज्या इंजिनिअरांनी हे केलं त्यांच्याकडे टेस्ट ट्रॅक होता, प्रयोगशाळा होती. तुमचं इन्स्टाग्राम नव्हतं.

गाडी चालते कशी, हा मुद्दा गौण. उभी असताना टायर आणि फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) मधे किती बोटं जातात, यावर माणसाची पत ठरते. चार बोटं म्हणजे ओला-उबर. तीन म्हणजे बरं चाललंय. आणि दोन बोटं उरली, की स्वर्गच. (माप घ्यायला जाड बोटांचा मित्र न्या. सडपातळ बोटांचे लोक उगीच कमीपणा आणतात.)

तर ॲडजस्टेबल कॉइलओव्हर मागवा, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेला, उंची कमी-जास्त करता येणारा सेट. मागवण्याआधी गाडीखाली शिरून काही मोजू नका. याच सांगाड्यावर बनलेल्या गाड्यांत पुढच्या स्ट्रटचा (चाकाला धरणाऱ्या शॉकअपच्या नळकांड्याचा) व्यास कुठे ५० मिमी असतो, कुठे ५५. मागे कुणाला मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला स्वतंत्र दांड्या), कुणाला साधा बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा). व्हर्नियर लावला तर पाच मिनिटांत उलगडा होतो, पण मग परदेशातून चुकीचा सेट येणं, त्यावर ड्युटी भरणं आणि विक्रेत्याशी महिनाभर मेल-मेल खेळणं हा सगळा आनंद हुकतो. आणखी एक गोष्ट फक्त तुमच्यामाझ्यात: तुमच्या गाडीच्या मागच्या चाकांना 'कॉइलओव्हर' म्हणून जे बसतं त्यात स्प्रिंग शॉकअपवर नसतेच, ती शेजारी वेगळी बसते. ग्रुपवर फोटो टाकताना फक्त पुढच्या दोघांचा टाका.

बसवायला असा गॅरेजवाला शोधा जो 'हो जाएगा' म्हणतो. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे त्यातल्या रबरी सांध्याचे, बोल्ट चाकांवर गाडीचं वजन आल्यानंतर टाइट करायचे असतात, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. असलं पुस्तकी ज्ञान पाजळणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. आपला माणूस गाडी लिफ्टवर लटकत असतानाच सगळं आवळतो आणि संध्याकाळी सहाला चावी हातात देतो. अलाइनमेंट नंतर बघू. टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजले, की आपोआप आठवण होते.

आता मुख्य भाग: सेटिंग. इतके पैसे मोजलेत ते यासाठीच. प्रत्येक शॉकअपच्या टोकाला एक छोटी खुंटी असते, बऱ्याच किटमध्ये तिचे ३० क्लिक असतात. त्या खुंटीने आतलं तेल पिस्टनमधून किती अडखळत जाईल ते ठरतं, आणि स्वस्तातल्या सिंगल ॲडजस्टेबल किटमध्ये मुख्यतः रिबाउंडच बदलतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत किती सावकाश उघडेल ते. तुम्ही एवढ्या खोलात जाऊ नका. चारही खुंट्या शेवटापर्यंत कडक करा. ३० चे पैसे दिलेत, १२ वर कशाला थांबायचं?

याचा एक छुपा फायदा आहे. रिबाउंड फार कडक असला की एका खड्ड्यातून स्प्रिंग पुरती उघडायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा, आणि गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाते. पुण्यातल्या कुठल्याही खोदलेल्या रस्त्यावर तुम्हाला आणखी एक बोट फुकटात मिळेल.

स्प्रिंगखालची रिंगही फिरवा. हूक स्पॅनर घ्या, गुडघे टेका, आणि दोन इंच आवळून जाहीर करा की 'स्प्रिंग कडक केली'. सरळ रेटच्या (सगळीकडे सारख्याच कडक) स्प्रिंगला प्रीलोड दिल्याने, म्हणजे आधीच दाबून बसवल्याने, तिचा कडकपणा एका ग्रॅमनेही वाढत नाही, एवढंच की गाडीची उंची किंवा चाकाची वर-खाली जायची जागा बदलते. हे कोणी बोललंच, तर त्याला विचारा, तुझ्याकडे कुठली गाडी आहे. वॅगनआर निघाली की वाद मिटला.

उंची मात्र सढळ हाताने कमी करा. इथे भौतिकशास्त्र जरा नतद्रष्टपणा करतं. तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी फार खाली आणली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर चढतं आणि रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतं. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे वळणावर झुकवणारा जोर कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. तो आवरायला आणखी कडक स्प्रिंग लागते. शिवाय दबायला जागा उरत नाही, म्हणून गाडी रबराच्या बंपस्टॉपवरच बसून राहते. ताम्हिणीच्या वळणावर मध्येच एक खळगा लागला की तुम्हाला हे सगळं एका सेकंदात समजेल. त्या अनुभवाला 'रोड फीडबॅक' म्हणतात.

गतिरोधकांचं काय, असं भित्रे लोक विचारतील. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि ताशी २५ किलोमीटरने पार होईल असा गोलसर हवा होता. तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा मात्र चेअरमनसाहेबांनी उरलेल्या काँक्रीटमधून स्वतः उभं राहून घडवला आहे. तो तिरपा काढायचा. आधी डावं चाक, मग उजवं, मागे रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, शेजारी बसलेल्या सौ. खिडकीबाहेर बघताहेत, आणि खालून चेंबर (इंजिनच्या तेलाची टाकी) घासल्याचा तो लांबलचक आवाज. आई-बाबांना गेटपाशी उतरवून पलीकडे परत बसवता येतं. वडीलधाऱ्यांनी तेवढं चालावं, डॉक्टरही तेच सांगतात.

कायद्याची भीती बाळगू नका, फक्त माहिती असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलागणिक ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. चार शॉकअप हा एक बदल की चार, हा प्रश्न चौकातल्या हवालदारांशी तात्त्विक पातळीवर चर्चेला घ्या. विमा कंपनीला आधी कळवून तिची झोप मोडू नका. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर स्वतःच वाकून बघतो.

पहिला पावसाळा झाल्यावर रिंगा फिरवायला जाऊ नका. फिरणार नाहीत. चिखल आणि गंजाने आट्यांशी त्यांची कायमची सोयरीक जमलेली असते. इथून पुढे तुमचं ॲडजस्टेबल सस्पेन्शन हे ॲडजस्ट झालेलं सस्पेन्शन होय.

आणि मग एक दिवस कंबरेचा एमआरआय निघेल, किंवा पाळणा हलेल, आणि गाडी विकायची वेळ येईल. कंपनीचे शॉकअप माळ्यावर कुठल्या पोत्यात आहेत ते सासूबाईंना विचारा. भंगारवाल्याला दिले असतील तर वाच्यता नको. जाहिरातीत किटची पूर्ण किंमत गाडीच्या भावात मिळवा आणि 'एन्थुझिआस्ट ओन्ड' असं ठळक लिहा. गिऱ्हाईक येईल ते तेवीस-चोवीस वर्षांचं, डोळ्यांत चमक असलेलं, आणि आल्या आल्या गुडघ्यावर बसून टायरवर बोटं ठेवणारं. ते तुमचंच आहे, काळजी नको. चेक देणारे वडील मात्र मागच्या सीटवर बसणार आहेत. त्यांना चक्कर द्यायची ती नव्या काँक्रीटच्या रस्त्यावरूनच द्या, आणि यू-टर्न दुभाजकाच्या अलीकडेच घ्या, कारण पलीकडे खोदकाम सुरू आहे.