परदेशातल्या अनाथाश्रमातले पंधरा दिवस

नाशिकच्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: सुट्टीत नेपाळ किंवा कंबोडियातल्या अनाथाश्रमात पंधरा दिवस राहा, अनाथ मुलांना इंग्रजी शिकवा, प्रमाणपत्र मिळवा, काहीच न करण्यापेक्षा बरं.

'मुलं अनाथ असतात.' बहुतेक नसतात. कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पाहणीत आढळलं. नेपाळमध्ये दलाल दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांना चांगल्या शाळेचं आमिष दाखवून मुलं आणतात, कधी खोट्या कागदांवर त्यांना अनाथ ठरवतात. संस्थांची दाटी काठमांडू, पोखरा, चितवन भागात आहे. पर्यटकही तिथेच उतरतात. आधुनिक गुलामगिरीविरोधी २०१८ च्या कायद्याच्या निमित्ताने ऑस्ट्रेलियाने या व्यवहाराची दखल घेतली, ती उगाच नाही.

'पैसे मुलांनाच मिळतात.' खाटा भरलेल्या असतील तोवरच पाहुणे येतात. मग मूल घरी पाठवण्याची घाई कोण करेल?

'पंधरा दिवसांत काय बिघडतं?' दर पंधरवड्याला नवी ताई येते, जीव लावते, जाते. असं वारंवार झालं की लहान मूल दिसेल त्या परक्याला बिलगू लागतं. पाहुण्यांना त्याचंच कौतुक!

'मग विद्यार्थ्यांनी करायचं काय?' मूल घरातच राहील असं बघायचं. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास द्यायचेच असतात, ते इथे द्या. पेठ, सुरगाण्यात एक पालक गमावलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, पण अर्ज कागदांपाशी अडतात. मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, आधार, पासबुक: हे गोळा करायला मूल सांभाळणाऱ्या आजीला तालुक्याला खेपा घालाव्या लागतात, नि प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. आधारवर आणि शाळेत नाव वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. मृत्यूची नोंद वर्षभरात झाली नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यात वेळ जातो, म्हणून सुरुवात तिथूनच. पैसे अडकण्याचं आणखी एक कारण म्हणजे आधारशी न जोडलेलं किंवा बंद पडलेलं खातं. बँकेत आधीच विचारा.

सहलीचा खर्च माणशी ५४,००० धरला, तर त्यात दोन मुलांचं वर्षभराचं अनुदान निघतं.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्या आणि पोच आजीच्याच हातात ठेवा.