सोळा बटणांचे हातमोजे

लग्न ठरलं की मुलीचे हात तिचे राहत नाहीत. आई म्हणते चुडा, मावशी म्हणते मेंदी, पार्लरवाली म्हणते मॅनिक्युअर, आणि ज्यांना काहीच सुचत नाही ते नारळ ठेवून जातात. आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करणार, भटजी नाही, बँड नाही, आहेर नाही, हे घरच्यांनी कुरकुरत का होईना पचवलं. ‘मेंदी नाही’ म्हटल्यावर मात्र आईने जेवण सोडलं. चहा चालू होता.

मेंदीशी माझं वैर नाही. कोपरापर्यंत हात पसरून तासन्‌तास बसायचं, पाणी दुसऱ्याने पाजायचं आणि नाक खाजलं की धाकट्या भावाला हाक मारायची, यातल्या भावाला माझा विरोध आहे. तो नाक खाजवत नाही, फोटो काढतो. तेव्हा मी जाहीर केलं : हात सजलेले हवेत ना? मी पैठणीवर लांब सॅटिनचे हातमोजे घालणार. मे महिन्यात.

पुण्यात लांब हातमोजे म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात मी “पांढरे, लांब, लग्नात घालण्यासारखे” असं स्पष्ट सांगूनही काउंटरवर उन्हासाठीचे सुती मोजे आले. “ताई, यात टॅनिंगची चिंताच नाही. मॅचिंग स्कार्फ देऊ?” नवरी बोहल्यावर स्कूटरवरूनच चढणार, अशीच त्या माणसाची समजूत झाली असावी.

शेवटी ऑनलाइन मागवायचं ठरलं आणि मी मापांच्या अभ्यासाला लागले. पाश्चात्त्य हातमोज्यांची लांबी बटणांत मोजतात. एक बटण म्हणजे साधारण एक इंच, मग मोज्याला बटण असो वा नसो. कोपर ओलांडून दंडाकडे जाणारा तो सोळा बटणांचा. रुंदीचं माप बोटांच्या मुळांशी पंज्याचा घेर धरून, इंचात. ही पंज्यांची मापं पद्धतशीर लावली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या झाविए जुवँ या गृहस्थाने, १८३४ च्या सुमारास. त्याच्या हिशेबाने मी सात नंबर. आमच्या बांगडीवाल्या काकूंच्या हिशेबाने मी दोन-चार, म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश. जुवँला टेप लागते. काकू नुसता अंगठा दाबून सांगतात.

या दोन शास्त्रांची गाठ पडेल असं जुवँच्या स्वप्नातही आलं नसेल. आईने उपोषण सोडलं ते एका अटीवर : मेंदी नको तर नको, हिरवा चुडा मात्र हवाच. आता चुडा मोज्याच्या आत घातला तर सॅटिनवर बांगड्यांचे उंचवटे दिसतात, हाताला प्लास्टर घातल्यासारखे. म्हणून चुडा मोज्यावरून. दोन-चार बांगडी मोज्यावरून चढेना, तेव्हा काकूंनी दोन-सहा काढली आणि पंजा असा काही दाबला की त्यातली हाडं जागा सोडून उभी राहिली. “रुमाल बांधून चढवलाय चुडा, पिशवी घालून चढवलाय,” त्या म्हणाल्या, “मोजा घालून पहिल्यांदाच. पण छान बसला हो.”

छान बसला हीच अडचण, हे विवाह नोंदणी कार्यालयात कळलं.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने सगळ्याचा विचार केला आहे. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, पुरावे, घोषणा. नवरीने हातात काय घालावं याबद्दल तो चकार शब्द काढत नाही, त्यामुळे मी निर्धास्त होते. टेबलापलीकडच्या बाईंनी कागद तपासले, आमच्याकडे पाहिलं आणि एक छोटं यंत्र पुढे सरकवलं.

“डावा अंगठा.”

मी ठेवला.

“मोज्याचा नाही मॅडम. तुमचा.”

खानदानी लांब मोज्याला मनगटाच्या आतल्या बाजूला फट असते. मोत्याची तीन बटणं उघडायची, पंजा बाहेर काढायचा, काम झालं की परत आत. पूर्वी काही बायका जेवायलाही अख्खा मोजा उतरवत नसत. माझ्या मोज्यालाही मोत्याची तीन बटणं होती. ती वरून टाकलेली होती. खाली फट नाही, काही नाही, अखंड कापड. म्हणजे मोजा दंडापासून सोलायचा, आणि त्याच्या वाटेत चुडा.

“चुडा उतरवायचा नाही,” आई मागून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण बाहेरच्या बाकावरची दोन जोडपी गप्प झाली.

“आजी, ठसा लागतो,” बाई म्हणाल्या. आई अठ्ठावन्न वर्षांची आहे. त्या ‘आजी’नंतर तडजोडीची आशा संपली.

बाबा साक्षीदार असल्यामुळे त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. होणाऱ्या नवऱ्याने “मी माझा अंगठा आधी देऊ का?” असं विचारून संसारातल्या आपल्या उपयुक्ततेची झलक दाखवली. कामाला आली ती करवली, माझी मावसबहीण. करवलीने खरं तर दिवा धरून मागे उभं राहायचं. आमच्याकडे दिवाच नसल्यामुळे ती पर्स धरून उभी होती. तिने पर्समधून सुई-दोऱ्याची डबी काढली, डबीतून नखाएवढी कात्री काढली, माझा हात टेबलावर पालथा घातला आणि अंगठ्याची शिवण एकेक टाका करत उसवली.

यालाही परंपरा आहे बरं का. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश नवऱ्या मुली अंगठी घालता यावी म्हणून डाव्या अनामिकेची शिवण आधीच उसवून ठेवत. त्यांच्याकडे बायोमेट्रिक नव्हतं, एवढाच फरक.

अंगठा बाहेर आला तो घामाने ओला आणि टाल्कम पावडरने पांढरा. सॅटिन चढावं म्हणून सकाळी अर्धा डबा ओतला होता. यंत्राने लाल दिवा दाखवला. परत लाल. “धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे ठसे झिजलेले असतात, त्यांचं समजू शकते,” बाई स्वतःच्या पदराने माझा अंगठा पुसत म्हणाल्या, “पण तुमचं म्हणजे...” आणि हिरवा दिवा लागला.

मग मी त्याला कायदेशीर पती म्हणून स्वीकारलं, त्याने मला पत्नी म्हणून. अंगठीच्या वेळी करवलीने न विचारता अनामिकाही उसवली. सहीच्या वेळी पेन दोनदा घरंगळून नवऱ्याच्या पायाशी गेलं.

जेवणाच्या हॉलवर मोज्यांनी खरं रूप दाखवलं. वाकून नमस्कार केला की तळव्यावर समोरच्याची पावलं उमटायची. आजोबांच्या चपलांचा नंबरही वाचता आला असता. आहेर नको म्हणूनही आलेली पाकिटं बोटांतून सटासट निसटत होती, आणि प्रत्येक वेळी त्यावरचा रुपया कुठेतरी घरंगळत जाई. नवऱ्याला जिलबीचा घास भरवायचा म्हटल्यावर सासूबाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, जिलबीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “राहू दे, आज तोच भरवेल.” त्याने जिलबी भरवली, मठ्ठा पाजला, फोन कानाशी धरला, केसात अडकलेली अक्षता काढली. म्हणजे मेंदीच्या हातांना जी खातिरदारी मिळते ती सगळी मिळाली, फक्त भावाच्या जागी नवरा होता. मला मजा आली, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

मोजे तिने तीन पाण्यांतून काढले. हळद आपल्या लग्नात नसूनही त्यावर कुठून आली, हे तिला कळलं नाही. उसवलेले टाके मात्र घालू दिले नाहीत. मामेबहिणीचं दिवाळीनंतर ठरलंय, तिलाही तसेच मोजे हवेत. परवा आई फोनवर मामीला समजावत होती : “सोळा बटणंच घे, बाराचे कोपरावर दुमडतात. फट खरी आहे का हे विचार, नुसते मोती बघून भुलू नकोस. बांगडी दोन नंबर वरची. आणि अंगठा घरूनच उसवून ने गं, तिथे त्या बाई आजी म्हणतात.”